लॅब टेक्निशियन व्हायचंय? आधी नोंदणी, मग बाकीचं

सोलापूर जिल्ह्यात डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करणाऱ्या, करून घरी बसलेल्या आणि बारावीचा निकाल हातात घेऊन कॉलेज शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. गेल्या भरतीत मार्क पुरेसे होते, पण कागदपत्रं तपासणीत एका कागदापायी मी बाहेर पडलो. तो कागद म्हणजे महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र. पुढं हे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे सांगायला नको. एमएस-सीआयटी नसेल तर उरकून टाका. डोमिसाइल सेतूतून काढा.

ॲडमिशन घेण्याआधीच थोडं डोकं लावा, कारण चुकीच्या कोर्सवर पुढं काहीच उभं राहत नाही. आरोग्यसेवेतल्या अशा सगळ्या व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राचा आयोग कायदा झाला. संलग्न व्यावसायिकाचं, म्हणजे टेक्निशियनसारख्यांचं, शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं, असं तो कायदा म्हणतो. त्यावरच्या 'आरोग्यसेवा व्यावसायिक' या पायरीला ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षं लागतात. मग सहा महिन्यांत 'लॅब टेक्निशियन व्हा' म्हणणारा बोर्ड दिसला की काय समजायचं ते समजा. घरबसल्या, दूरस्थ पद्धतीनं असले कोर्स चालवायला यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून बंदी घातली आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकलची पदवी तीन वर्षांची असते, वर एक वर्ष इंटर्नशिप. जमत असेल तर ती करा, कारण काही जाहिराती पदवीच मागतात. कॉलेज कुठलंही असो, फी भरायच्या आधी ऑफिसात एकच गोष्ट विचारा: या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी होते का? 'होते की' एवढ्यावर उठू नका. आधीच्या बॅचमधल्या कुणाचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. दाखवता येत नसेल तर बाहेर पडा.

आता मुख्य मुद्दा. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज करा. जाहिरातीची वाट बघू नका. डिप्लोमा हातात आहे म्हणजे झालं, असं घरचेही म्हणतात, मित्रही म्हणतात. डिप्लोमा सांगतो की तुम्ही शिकलात. काम करायची परवानगी नोंदणीनं मिळते. भरतीचा अर्ज भरायला पंधरा-वीस दिवस मिळतात आणि पात्रता बघितली जाते ती अर्जाच्या शेवटच्या तारखेला. नोंदणी प्रमाणपत्रावरची तारीख त्याच्या आधीची पाहिजे. एक दिवस नंतरची असली तरी गेलं. अर्ज केल्याची पावती दाखवून भागत नाही, 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणून भागत नाही, गयावया करून तर मुळीच नाही. ज्यांची नोंदणी आधीच झाली आहे त्यांनी आज प्रमाणपत्र काढून मुदत कधी संपते ते बघा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र आणि नसलेलं प्रमाणपत्र तपासणीच्या टेबलावर सारखंच.

नोंदणी अडते ती बहुतेक नावावर. आपल्याकडे घरात तेलुगू नाहीतर कन्नड, शाळेत मराठी आणि मार्कशीटवर इंग्रजी. एकाच यल्लप्पाचं स्पेलिंग दहावीला वाय-ए, आधारवर वाय-ई. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरात हे आहे. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार, डिप्लोमा सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, मगच नोंदणीला हात घाला. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागेल. ही कामं जानेवारीवर ढकलू नका. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत शहरात कुठलंच काम वेळेत होत नाही.

आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर. नॉन-क्रीमिलेअरची मुदत बघा.

जाहिरात शब्दशः वाचा. 'विज्ञान पदवी आणि डीएमएलटी' आणि 'विज्ञान पदवी किंवा डीएमएलटी' यांत नोकरीचा फरक आहे. आणि तिथं 'नोंदणीकृत' हा शब्द दिसतोय का बघा. नसला तरी नोंदणी करा.

खासगीत जायचं असेल, दत्त चौकातली लॅब असो की कुंभारीचं हॉस्पिटल, एक गोष्ट पक्की ठेवा: रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. 'तूच सही करत जा' म्हणणाऱ्या मालकाकडे राहू नका, अडकाल ते तुम्ही. एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये सुरुवात केली तर हात चांगला बसतो. तिथं कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, रोज लावावेच लागतात, त्यांचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्टही भरावा लागतो.

हिपॅटायटिस बी ची लस कोर्स चालू असतानाच घ्या. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांवर. म्हणजे नोकरी लागल्यावर सुरू केलीत तर अर्धं वर्ष तुम्ही अर्धवट संरक्षणावर सुया हाताळणार. मला याची खरंच काळजी वाटते, कारण पोरं हातमोजेसुद्धा घालत नाहीत.

प्रॅक्टिकल आणि मुलाखतीला रक्त घ्यायच्या नळ्यांचा क्रम (झाकणाचा रंग आणि आतलं रसायन) विचारतातच: ब्लड कल्चर, निळी सायट्रेट, लाल किंवा पिवळी, हिरवी हेपारिन, जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लोराइड. का, तेही सांगता आलं पाहिजे. जांभळीतलं ईडीटीए पुढच्या नळीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. सायट्रेटच्या नळीत रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग, म्हणून नळी खुणेपर्यंत भरा. दवाखान्यातल्या कचऱ्याच्या डब्या-पिशव्यांचे रंग: पिवळा, लाल, पांढरा, निळा.

तपासणीच्या दिवशी मूळ प्रती, झेरॉक्सचे दोन संच, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, पेन. परगावी असेल तर आदल्या रात्री निघा. फाइलमध्ये सगळ्यात वर नोंदणी प्रमाणपत्र ठेवा. मेडिकल, पोलीस पडताळणी, बँकेचं पासबुक हे निवड झाल्यावर बघू.