जर्मनीत साहित्य-तत्त्वज्ञानाचं प्राध्यापक व्हायचं असेल तर

तत्त्वज्ञ हेगेल आणि कवी ह्योल्डरलिन ट्युबिंगनच्या एकाच वसतिगृहात शिकले. आजच्या जर्मन विद्यापीठात मात्र हेगेल तत्त्वज्ञान विभागात आणि ह्योल्डरलिन गेर्मानिस्टिकमध्ये, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या विभागात. दोन्हींत रस असणाऱ्याची पहिली अडचण हीच. साहित्यवाल्यांना तो फार तात्त्विक वाटतो, तत्त्वज्ञानवाले विचारतात, युक्तिवाद कुठाय? म्हणून पीएच.डी.च्या नोंदणीआधीच घर कोणतं ते ठरवा. जर्मन भाषेत एम.ए. केलं असेल तर गेर्मानिस्टिक सोयीचं. तत्त्वज्ञानात काही ठिकाणी लॅटिनही मागतात.

प्रबंध मंजूर झाला म्हणजे सुटलात असं नाही. तो छापून येईपर्यंत बहुतेक ठिकाणी नावामागे ‘डॉ.’ लावता येत नाही, आणि छपाईचा खर्च बऱ्याचदा लेखकाच्याच माथी येतो. अवतरणं पहिल्या दिवसापासून प्रमाण आवृत्तीतून घ्या. कांटच्या पहिल्या ‘क्रिटिक’चे (‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’) संदर्भ ‘ए’ (1781) आणि ‘बी’ (1787) आवृत्तीच्या पानांनी देतात, बाकीचा कांट अकादमी आवृत्तीच्या खंड-पानाने. हाताशी असलेल्या पिवळ्या, स्वस्त रेक्लाम प्रकाशनाच्या पुस्तकाची पानं टाकलीत, तर शेवटी शेकडो तळटीपा बदलत बसाल. मारबाखच्या साहित्य-अभिलेखागारात जुनी हस्तलिखितं बघायची असतील तर कुरेंट लिपी आधीच शिका. आपल्याकडे पेशवे दफ्तरात मोडीशिवाय अडतं, तसंच.

पुढे हाबिलिटेशन, म्हणजे दुसरा मोठा ग्रंथ. नाहीतर 2002 पासून आलेली कनिष्ठ प्राध्यापकी. पहिलं पुस्तक ह्योल्डरलिनवर असेल तर दुसरं विसाव्या शतकावर करा, कारण जाहिरातीत सहसा अख्खा कालखंड शिकवणारा माणूस हवा असतो. घड्याळ चालूच असतं: विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशावरची मुदतीची नोकरी जास्तीत जास्त पीएच.डी.आधी 6 आणि नंतर 6 वर्षं. आधीची वाचलेली वर्षं पुढे जोडली जातात, आणि दर मुलामागे 2 वर्षं वाढू शकतात.

मुलाखतीला तिथले लोक गमतीने ‘फोरझिंगेन’ म्हणतात, म्हणजे गाऊन दाखवणं. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम म्हणा ना! साधारण अर्धा तास व्याख्यान, मग प्रश्न, बरेचदा नमुना तासही. वेळ ओलांडणं महागात पडतं. समितीत विद्यार्थीही असतात. प्रोफेसरांकडेच बघून बोलणारा त्यांच्या लगेच लक्षात येतो. शेवटी सहसा तिघा उमेदवारांची यादी निघते. स्वतःच्याच विद्यापीठात नेमणूक क्वचितच होते, त्यामुळे गाव बदलायची तयारी ठेवा. नेमणुकीचं बोलावणं आलं की लगेच होकार कळवू नका. सहायकाची जागा, ग्रंथखरेदीचा पैसा, सगळं आधी लेखी घ्या. सही झाल्यावर मागायला गेलात तर हाती फारसं लागत नाही.