रेडिओ दीर्घिकेतला वायू तारे घडवतोय का? अवरक्त वर्णपटावरून कसे तपासावे

रेडिओ दीर्घिका म्हणजे रेडिओ लहरींत प्रखर दिसणारी दीर्घिका. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवरापासून निघणारे झोत भोवतालचा वायू ढवळतात आणि तापवतात. म्हणून ‘वायू भरपूर, तर तारेही भरपूर’ हा हिशेब इथे चालत नाही. ३सी ३२६ या दीर्घिकेत स्पिट्झर दुर्बिणीला सूर्याच्या सुमारे एक अब्जपट वस्तुमानाचा कोमट रेण्वीय हायड्रोजन सापडला, तरी तिथे तारे अगदीच मंद गतीने जन्मतात. वायू किती आहे हे तर मोजायचेच, पण तो कशाने तापला आहे हा खरा प्रश्न.

सुरुवात ताम्रसृतीपासून करा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती पटीने वाढली ते सांगणाऱ्या आकड्यापासून. वर्णपटातल्या रेषेची मूळ तरंगलांबी गुणिले (१ + ताम्रसृती), एवढे गणित करून रेषा उपकरणाच्या पट्ट्यात येते का ते पाहा. रेण्वीय हायड्रोजनच्या कामाच्या रेषा तीन: एस-१ (१७.०३ मायक्रोमीटर), एस-२ (१२.२८) आणि एस-३ (९.६६). जेम्स वेब दुर्बिणीवरच्या मिरी उपकरणाचा मध्यम विभेदनाचा वर्णपटमापक ४.९ ते २७.९ मायक्रोमीटर पाहतो. त्यामुळे एस-१ रेषा ताम्रसृती ०.६ च्या आसपासपर्यंतच मिळते. त्याच्या बरेच पलीकडे, उदाहरणार्थ ताम्रसृती २.५ ला, वेबच्याच निअरस्पेक या वर्णपटमापकात २.३ मायक्रोमीटरला हायड्रोजन-अल्फा ही अणुरूप हायड्रोजनची रेषा दिसते, पण ती आयनित (इलेक्ट्रॉन निसटलेल्या) वायूची. थंड रेण्वीय साठ्यासाठी कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ रेषाच लागतात, कारण हायड्रोजनचा सममित रेणू थंड असताना जवळजवळ प्रकाशच देत नाही.

निरीक्षणे मास्ट या अंतराळ दुर्बिणींच्या ऑनलाइन अभिलेखागारात मिळतात. तयार डेटा क्यूबवर (प्रत्येक बिंदूचा वर्णपट असलेल्या प्रतिमेवर) थेट विसंबू नका. कच्च्या फाइली घेऊन प्रक्रियेचे तिन्ही टप्पे ताज्या अंशांकन फाइलींसह पुन्हा चालवा. मिरीच्या वर्णपटात शोधकातल्या व्यतिकरणामुळे लाटा उमटतात आणि त्या क्षीण रेषेसारख्या भासतात. उरलेल्या लाटा काढण्याची पायरी चालू आहे ना, हे आधी पाहून घ्या.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा. मिरीच्या पहिल्या चॅनेलचे (सर्वांत आखूड तरंगलांब्यांच्या पट्ट्याचे) दृश्यक्षेत्र सुमारे ३.२ × ३.७ कोनीय सेकंद, तर चौथ्याचे ६.६ × ७.७. शिवाय तरंगलांबी वाढते तशी प्रतिमा पसरट होत जाते. प्रत्येक क्यूबमधून ‘सगळा प्रकाश’ घेतला, तर दोन रेषांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या जागांची तुलना होते. आधी सगळे क्यूब सर्वांत पसरट प्रतिमेइतके धूसर करा, मग सगळीकडे तेच छिद्र (प्रकाश मोजायचे क्षेत्र) वापरा.

रेषेच्या दोन्ही बाजूंचा सलग प्रकाश वजा करून तिच्यावर गाउसियन वक्र बसवा. मोजलेल्या रुंदीच्या वर्गातून उपकरणाच्या रुंदीचा वर्ग वजा करायला विसरू नका. विभेदन (तरंगलांबी भागिले उपकरणाची रुंदी) २,७०० असेल, तर उपकरणाचीच रुंदी सुमारे ११० किमी/सेकंद असते. वेबच्या तरंगलांब्या निर्वातातल्या आहेत. तिथे हायड्रोजन-अल्फासाठी हवेतली ६५६२.८ अँगस्ट्रॉम ही किंमत घातली, तर वेगात ८० किमी/सेकंदाहून अधिक चूक शिरते आणि नसलेला वायुप्रवाह ‘सापडतो’.

मग तापमान. हायड्रोजनचा रेणू केंद्रकांच्या फिरकीनुसार ऑर्थो आणि पॅरा अशा दोन प्रकारांत असतो. एस-१ आणि एस-३ या दोन्ही ऑर्थो हायड्रोजनच्या रेषा असल्याने ऑर्थो-पॅरा प्रमाणाची अडचण इथे येत नाही. समजा दोन्हींची तीव्रता सारखी आली. त्यांचे संक्रमण दर (रेणू वरच्या पातळीवरून खाली येण्याचे दर) अनुक्रमे ४.७६ × १०⁻¹⁰ आणि ९.८४ × १०⁻⁹ प्रति सेकंद, तर वरच्या पातळ्यांची सांख्यिकीय वजने २१ आणि ३३. दर, तरंगलांबी आणि वजने हिशेबात घेतली, की एस-३ च्या वरच्या पातळीची वजनागणिक लोकसंख्या एस-१ च्या ०.०१७५ पट निघते. तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम −४.०५. पातळ्यांमधले अंतर १,४८९ केल्विन, त्याला ४.०५ ने भागा: सुमारे ३७० केल्विन. मात्र ९.७ मायक्रोमीटरला सिलिकेट धूळ प्रकाश शोषते आणि एस-३ नेमकी त्याच खड्ड्यात बसते. धुळीची दुरुस्ती केली नाही, तर तापमान खरे असते त्यापेक्षा कमी येते आणि वायूचे वस्तुमान फुगते. एस-२ हाताशी असेल, तर तिन्ही बिंदू एकाच आलेखावर मांडा. एस-३ एकटीच खाली पडलेली दिसली, तर पहिला संशय धुळीवर घ्या.

वायू कशाने तापला, ते ७.७ मायक्रोमीटरच्या बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बनच्या (कार्बनच्या कड्यांच्या मोठ्या रेणूंच्या) पट्ट्याशी ताडून पाहा. नव्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हा पट्टा उजळवतो. एस-० ते एस-३ या रेषांची एकूण दीप्ती पट्ट्याच्या दीप्तीच्या ०.०४ पटीहून जास्त असेल, तर निव्वळ तारे तेवढी उष्णता पुरवू शकत नाहीत. झोताच्या आघातलहरींकडे बोट जाते. मग रेषेच्या रुंदीचा नकाशा रेडिओ नकाशावर ठेवा. झोताच्या वाटेवर रेषा रुंदावत असेल, तर तो वायू ढवळला जातोय. तारे शोधायचे, ते रेषा अरुंद आणि ७.७ चा पट्टा ठळक असलेल्या जागी.