लंडनचा पहिला उन्हाळा वाया घालवू नका

आधी नोकरीत जम बसू दे, घराचं, मुलांच्या शाळेचं मार्गी लागू दे, मग नाटक-गाणं बघू, असं इथे नवीन आलेली बरीच मंडळी म्हणतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की थांबू नका. उन्हाळ्यात लंडनमध्ये जे उत्तम ऐकायला-बघायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं अगदी स्वस्तात मिळतं. फक्त दोन-तीन तास उभं राहायची तयारी हवी.

सुरुवात रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्सपासून, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या महोत्सवापासून करा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आठ आठवडे, जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे मैफल असते. रॉबर्ट न्यूमन आणि हेन्री वुड यांनी १८९५ साली क्वीन्स हॉलमध्ये हा उपक्रम सुरू केला. खिशाला परवडेल अशा दरात उत्तम संगीत सामान्य माणसाला ऐकवायचं, हा त्यांचा हेतू. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात तो हॉल जळून गेला आणि प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले, पण उभ्याचं स्वस्त तिकीट आजही टिकून आहे. २०२५ साली ते ८ पौंडांना होतं. त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन मिळतं, म्हणून गाजलेला वादक असेल तर फोन हातात घेऊनच बसा.

उभं राहायच्या जागा दोन. एक अरीना, म्हणजे थेट रंगमंचासमोरची मोकळी जमीन. महागड्या खुर्च्यांवरच्या लोकांपेक्षा तुम्ही व्हायोलिनच्या जवळ असता. दुसरी गॅलरी, अगदी वर, छताखाली. तिथे लोक चटई पसरून बसतात, काही जण डोळे मिटून चक्क आडवे होऊन ऐकतात. पाठ-गुडघे दुखत असतील तर गॅलरीच बरी. अरीनात मात्र खरी मजा आहे. सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर वर्षानुवर्षं येऊन बसणारे रसिक असतात ना, तशीच ही माणसं. पूर्ण मोसमाचा पास काढून रोज येतात, शेजाऱ्याशी आपणहून बोलतात, आज काय कान देऊन ऐकायचं तेही सांगतात. पियानोचं झाकण उचलायची वेळ आली की अरीनातून एका सुरात ‘हीव्ह!’ (लावा जोर!) अशी आरोळी उठते आणि वरून गॅलरी ‘हो!’ म्हणून उत्तर देते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला या शहराबद्दल एकदम माया वाटली.

आपल्याला जागेवर दाद द्यायची सवय. इथे सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, तीन-चार भाग असतात आणि मधल्या थांब्यात बहुतेक जण टाळ्या वाजवत नाहीत. गोंधळ वाटला तर शेजारी वाजवेपर्यंत थांबा. पाश्चात्त्य संगीताचा गंध नसेल तरी बिचकू नका. प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओ ३ वर थेट लागते, आठवडाभर घरी स्वयंपाक करताना ऐका आणि जे आवडेल त्या वळणाचं काही असेल त्या दिवशी जा. समारोपाच्या रात्रीच्या तिकिटामागे पहिल्या वर्षी धावू नका. मुलांना नेणार असाल तर बसायची तिकिटं घ्या, १८ वर्षांखालच्यांना ती निम्म्या दरात मिळतात.

नाटकासाठी थेम्सकाठचं शेक्सपिअरचं ग्लोब. मूळ नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलेली ही गवती छपराची गोल इमारत १९९७ साली सुरू झाली. मधल्या उघड्या अंगणात उभं राहून बघायची तिकिटं ५ पौंडांपासून असतात. पाऊस आला तरी प्रयोग थांबत नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा टोपीचा रेनकोट पिशवीत असू द्या. अंगणात खाली बसताही येत नाही. लवकर जाऊन रंगमंचाच्या कडेला जागा धरा, हात टेकायला आधार मिळतो. नट कधी कधी गर्दीतून वाट काढत प्रवेश करतात, तुमच्या खांद्याला खांदा घासून जातात. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पटकन कळत नाही, इथल्यांनाही कळत नाही. गोष्ट आधी वाचून जा. देवलांचा ‘झुंझारराव’ माहीत असेल तर ऑथेल्लोपासून सुरुवात करा, कथा ओळखीची असली की कान आपोआप शब्द पकडतात.

ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला, रविवार-सोमवारी, नॉटिंग हिलचा कार्निव्हल असतो. कॅरिबियन लोकांचा हा उत्सव पूर्णपणे फुकट आहे. गर्दी प्रचंड असते, लहान मुलं असतील तर रविवारी जा आणि त्यांच्या कानांना संरक्षण द्या. स्टीलपॅनचं वादन नीट ऐका, तेलाच्या पिंपांतून जन्मलेलं वाद्य आहे ते.

आपल्या गाण्याची फार ओढ लागली तर वेस्ट केन्सिंग्टनला भारतीय विद्या भवन आहे. तिथे हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत, कथक, भरतनाट्यम असं सगळं शिकवतात, कार्यक्रमही होतात. तिथल्या ओळखींतून पुढे बरंच काही कळत जातं.

परतीची चिंता नको. प्रॉम्ससाठी साउथ केन्सिंग्टन स्टेशन जवळ, आणि तिथून जाणारी पिकॅडिली लाइन शुक्रवारी-शनिवारी रात्रभर चालते. इतर दिवशी शेवटची गाडी कधी आहे ते मध्यंतरातच बघून ठेवा.