पाय ताठ की ढिला? तेल चोळण्याआधी हे बघा

दवाखान्याच्या फाइलीत ‘यूएमएन’ किंवा ‘एलएमएन’ लिहिलेलं असतं, आणि घरचे मला विचारतात, “मॅडम, ह्याचा अर्थ काय हो?” मी फिजिओथेरपिस्ट. बेळगावातून येळ्ळूर, खानापूरच्या बाजूला घरोघरी जाते. आमच्याकडे सगळ्यालाच लकवा म्हणतात, मराठी घरात आणि शेजारच्या कन्नड घरातही. पण दुबळा पाय दोन तऱ्हेचा असतो.

आधी एक सांगते. तोंड, हात किंवा बोलणं अचानक बिघडलं तर पुढचं काही करून बघत बसू नका, गाडी काढा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही डोक्याचा स्कॅन झाल्यावर. खानापूरच्या आतल्या वाड्यांवरून शहर गाठण्यातच त्यातला किती वेळ जातो!

येळ्ळूरच्या एका मामांना मी हे बैलजोडीवरून समजावलं. हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो. मेंदूच्या देठाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात जातो. तिथून ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतात. इथवरची ती वरची चेतापेशी, फाइलीतलं ‘यूएमएन’, म्हणजे कासरा. मज्जारज्जूतून थेट स्नायूपर्यंत जाते ती खालची, ‘एलएमएन’, म्हणजे बैल. मामा पटकन म्हणाले, “कासरा तुटला तर बैल उधळतोय की!” अगदी तेच. वरची पेशी चालवते आणि आवरतेही. ती गेली की ताकद कमी होते, पण स्नायू ताठ होतात, झटके देतात. खालची गेली तर ओढणारंच कोणी उरत नाही. पाय ढिला पडतो, काही आठवड्यांत मांडी वाळते, कधी कातडीखाली स्नायू आपोआप फडफडतो. पोलिओचा विषाणू ह्याच खालच्या पेशी मारतो, म्हणून तो पाय बारीक राहतो.

आता बघायचं कसं? माणसाला पाठीवर झोपवून अंग सैल सोडायला सांगा. वाकलेलं कोपर हळू सरळ करा, मग एकदा थोडं वेगानं. वेगात अडकून मग एकदम सुटलं, तर कासऱ्याचं दुखणं. दोन्ही वेळा लुळंच लागलं, तर बहुधा बैलाचं. मग खाटेच्या कडेला बसवून पाय लोंबते ठेवा आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कठीण पट्ट्यावर बोटांनी टिचकी मारा. चांगल्या पायापेक्षा हा जोरात उडाला तर वरची, हललाच नाही तर खालची. शेवटी किल्लीच्या बोथट टोकानं टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेनं करंगळीपर्यंत आणि तिथून आत रेघ ओढा. अंगठा वर गेला तर वरची. ही खूण बाबिन्स्की ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली मांडली. वर्षाच्या आतल्या बाळाचा अंगठा वर गेला तर घाबरू नका, त्याचा कासरा अजून तयार व्हायचा असतो.

इथे पुष्कळजण फसतात: लकव्याच्या झटक्यानंतरचे पहिले काही दिवस, कधी आठवडे, वरच्या पेशीची इजा असूनही अंग ढिलंच लागतं. म्हणून दर आठवड्याला पुन्हा बघा, वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. निदान त्यांनीच करायचं.

ताठ मुठीत रबरी चेंडू देतात, ते मला पटत नाही. मूठ आधीच वळलेली आहे, तिला उघडायला शिकवायचंय. मनगट थोडं वाकवून अंगठ्याकडून हळूहळू उघडा आणि धरून ठेवा. झटका देऊ नका. पाय ढिला असेल तर पावलाला आधार द्या, टाचेखाली जखम होतेय का रोज बघा. दोन्हीकडे एक नियम सारखा: उठवताना दुबळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो.

मामांची मूठ आता सकाळ-संध्याकाळ उघडतात. काकू तीसपर्यंत मराठीत मोजतात. त्या चुलीपाशी असल्या की सून धरते, तिचं शिक्षण कन्नड शाळेत झालेलं: वंदू, यरडू, मूरू...