विज्ञानकथा आणि अद्भुतकथा कोणाला व कशा सुचवाव्यात

आपल्याला आवडलेली विज्ञानकथा किंवा अद्भुतरम्य कादंबरी दुसऱ्याला वाचायला द्यायची असेल, तर विचाराची सुरुवात त्या वाचकापासून करावी, पुस्तकाची निवड त्यानंतर. कोल्हापुरात हे पथ्य विशेष पाळावे लागते, कारण येथील बहुसंख्य वाचक रणजित देसाई, शिवाजी सावंत आणि वि. स. खांडेकर यांच्या कादंबऱ्यांवर वाढलेले असतात आणि 'विज्ञानकथा' हा शब्द कानावर पडताच 'ते आमच्या डोक्यावरून जातं' असे सांगून मोकळे होतात. वास्तविक, मुलाने बापाचे म्हातारपण आपल्या अंगावर घ्यावे आणि बापाने त्याच्या तारुण्याचा उपभोग घ्यावा, ही 'ययाति'ची मूळ कल्पना अद्भुताचीच आहे. १९५९ साली आलेली ती कादंबरी ज्यांनी मनापासून वाचली आहे, त्यांनी एक अशक्य गोष्ट गृहीत धरून तिच्यामुळे माणसांचे काय होते हे पाहण्याची सवय केव्हाच लावून घेतलेली आहे. आपल्याला फक्त त्या सवयीला पुढचे पुस्तक पुरवायचे आहे.

म्हणून 'तुम्हाला विज्ञानकथा आवडतात का?' हा प्रश्न विचारूच नये. अलीकडे कोणते पुस्तक शेवटपर्यंत वाचले, कोणते अर्ध्यावर सोडले आणि का सोडले, एवढे विचारावे. सोडलेल्या पुस्तकाबद्दलचे उत्तर बहुधा अधिक उपयोगी ठरते. 'वर्णने फार होती' असे म्हणणाऱ्याला फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही १९६५ची कादंबरी पहिल्याच भेटीत देऊ नये. ती कितीही थोर असली, तरी तिच्या वाळवंटी ग्रहाची भाषा, घराणी आणि धर्म अंगवळणी पडेपर्यंत बराच धीर धरावा लागतो आणि शेवटी जोडलेला शब्दसंग्रह पुन्हा पुन्हा उघडावा लागतो.

इतिहासाची आवड असलेल्या वाचकासाठी माझी पहिली निवड ठरलेली आहे. आमच्या गल्लीतील एक निवृत्त शिक्षक केवळ इतिहास आणि चरित्रे वाचत असत. त्यांना मी एवढेच विचारले होते, 'काका, पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर?' त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते येथपासून उत्तरेच्या राजकारणापर्यंत स्वतःच बोलत राहिले. त्यांचे बोलणे संपल्यावर जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा त्यांच्या हाती दिली. या कथेत इतिहासाच्या एका प्राध्यापकाला अशा जगाचा अनुभव येतो, जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आणि १७६१ सालच्या त्या युद्धाचा निकाल उलटा लागला. असे जग शक्य कसे होईल, याचे उत्तर लेखक आधुनिक भौतिकशास्त्रात शोधतो. तोपर्यंत वाचक कथेत इतका गुंतलेला असतो की, विज्ञानाचा भाग आला म्हणून तो पुस्तक मिटत नाही.

ही कथा रुचली की आयझॅक असिमोव्ह यांच्या 'फाउंडेशन'कडे वळावे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा गिबनने लिहिलेला इतिहास असिमोव्ह यांच्या डोळ्यांसमोर होता, हे इतिहासप्रेमी वाचकाला आवर्जून सांगावे. हॅरी सेल्डन नावाचा गणिती आकाशगंगेतील साम्राज्य कोसळणार हे गणिताने ताडतो आणि त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणण्याची योजना आखतो. एवढा परिचय पुरे. उणिवाही आधीच सांगाव्यात. पहिल्या पुस्तकात प्रत्येक भागात पात्रे बदलतात, स्त्रिया जवळजवळ नाहीत आणि बहुतेक घडामोडी संभाषणांतूनच कळतात. हे ठाऊक असलेला वाचक त्यावर रुसत नाही. क्रमाबाबत मी आग्रही आहे: १९५१ ते १९५३ या काळात आलेली तीन पुस्तके प्रथम वाचावीत. कथेच्या कालक्रमात आधी घडणारे भाग लेखकाने कित्येक वर्षांनी लिहिले आणि ते मूळ पुस्तके वाचलेल्या माणसालाच पुरते उमगतात.

'मृत्युंजय' ज्यांच्या काळजात रुतलेली आहे, त्यांना मेरी शेली यांची 'फ्रँकेनस्टाइन' द्यावी. ही निवड अनेकांना विचित्र वाटते, कारण १८१८ सालच्या या कादंबरीची ओळख त्यांना चित्रपटांतल्या राक्षसामुळे झालेली असते. प्रत्यक्षात फ्रँकेनस्टाइन हे नाव त्या वैज्ञानिकाचे आहे आणि त्याने निर्माण केलेल्या जीवाला नावच नाही. निर्माता त्याला पाहताक्षणी टाकून पळतो. तो जीव एका कुटुंबाजवळ लपून, ऐकून ऐकून भाषा शिकतो, ग्रंथ वाचतो आणि पुढे निर्मात्यासमोर उभा राहून आपली बाजू मांडतो. जन्म देणाऱ्यानेच अव्हेरलेल्या आणि आपली योग्यता कोणी मानावी म्हणून तळमळणाऱ्या कर्णावर ज्यांनी जीव लावला, त्यांना हे प्रकरण परके वाटत नाही. सुरुवातीला एका दर्यावर्दीची पत्रे येतात, ती नेटाने वाचून काढावीत, अशी सूचना मात्र द्यावी.

शाळकरी मुलांच्या बाबतीत कथेबरोबर हाताला काही काम द्यावे. नारळीकरांचीच 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा क्रिकेटवेड्या मुलाला आधी वाचू द्यावी, तिचे रहस्य सांगू नये. वाचून झाल्यावर वर्तमानपत्राची दोन बोटे रुंदीची लांब पट्टी कापावी, एका टोकाला अर्धा पीळ देऊन दोन्ही टोके चिकटवावीत आणि मुलाला पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढायला सांगावी. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून निघाली त्याच जागी परत येते, तेव्हा या पट्टीला एकच बाजू आहे हे त्याला कळते आणि ते मूल कथेची पाने पुन्हा उलटू लागते. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला, हेही त्याला जरूर सांगावे. परंतु तेवढ्या अभिमानावर कोणी पुस्तक पुरे करत नाही, म्हणून निवड कथेच्या गुणावरच करावी.

अद्भुतकथांच्या बाबतीत वयापेक्षा धीर पाहावा. वेताळपंचविशी आणि 'चांदोबा' यांवर वाढलेल्या पिढीला जादूचे वावडे नसते. तिला अडचण येते ती अनोळखी नावांची आणि लांबीची. अशा वाचकाला टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड देण्याआधी त्यांचेच १९३७ सालचे 'हॉबिट' द्यावे. त्याहून मला उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' सुचवायला आवडते. १९६८ सालच्या या छोटेखानी कादंबरीत वस्तूचे खरे नाव जाणणे हीच सत्ता आहे, आणि गेड नावाचा मुलगा गर्वाच्या भरात स्वतःच एक सावली जगात सोडतो व पुढे तिचा सामना करतो. मंत्र, गुरू, अहंकार आणि त्याची किंमत या गोष्टी आपल्या वाचकाला समजावून द्याव्या लागत नाहीत.

एक गोष्ट जपावी. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत ज्यांच्या घरात पंचगंगेचे पाणी शिरले, त्यांना हवामानाच्या संकटावरची कथा सहज म्हणून पुढे करू नये. मुंबईत बर्फ पडू लागतो अशी कल्पना असलेली नारळीकरांची 'हिमप्रलय' ही कथा मला फार मोलाची वाटते. तरीही ती देण्यापूर्वी विषय सांगावा आणि निर्णय वाचकावर सोडावा.

पुस्तक सुचवण्याआधी ते मिळते का, हे स्वतः पाहावे. १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात प्रत असेल, तर वाचकाचा खर्च वाचतो आणि नाही आवडले तर परत करताना त्याला संकोच वाटत नाही. अनुवाद द्यायचा असेल, तर कोठलेही एक पान मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य जिभेवर अडखळत असेल आणि वाचकाला इंग्रजी सवयीचे असेल, तर मूळ पुस्तकच द्यावे. मराठी कथांसाठी जुने दिवाळी अंक विसरू नयेत. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथा एका बैठकीत संपतात आणि एवढ्यात वाचकाची रुची नेमकी कळते. एका वेळी एकच पुस्तक सुचवावे. दहा नावांची यादी दिली, की त्यांतले एकही वाचले जात नाही.

दिल्यानंतर लगेच 'कुठवर आलं?' म्हणून मागे लागू नये. पुस्तक अर्ध्यावरून परत आले, तर ते कोणत्या प्रसंगाशी थांबले हे शांतपणे विचारावे. नावांच्या गुंत्यात थांबले असेल, तर पुढच्या वेळी थोड्या पात्रांची लघुकथा द्यावी. विज्ञानाच्या स्पष्टीकरणाशी थांबले असेल, तर पुस्तके जाळणाऱ्या राजवटीची गोष्ट सांगणारी रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' द्यावी, कारण तिच्यात यंत्रांपेक्षा माणसाची घुसमट ठळक आहे. आणि पात्रे कोरडी वाटली म्हणून थांबले असेल, तर असिमोव्ह काही काळ बाजूला ठेवून ले ग्विन यांच्याकडे वळावे.