शेतात जुनी सोन्याची अंगठी सापडली? या चुका टाळा, आधी घासणं थांबवा

नॉरफोकमध्ये राहतो, शेतकऱ्याची परवानगी काढून नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवायला लागून दहा-बारा वर्षं झाली. हल्ली इंग्लंडमधले आपले बरेच मराठी लोक यात येतायत, मनापासून आनंद होतो, पण दर सीझनला त्याच चुका बघतोय म्हणून आज लिहायलाच बसलो.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक, घासणं. "सोनं गंजत नाही, मग घासलं तर काय बिघडतं?" असं नवीन माणूस हमखास म्हणतो. सोन्याचं फार बिघडत नसेलही, पण सोन्यावर जे बसलेलं असतं ते जातं. मी पहिल्याच वर्षी हे केलंय. बीट काढून झालेल्या शेतात सात-आठ इंचांवर एक अंगठी मिळाली, नागमोडी पट्टी, बाहेरून उठावाची अक्षरं आणि अक्षरांच्या मधे पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं. इकडच्या मातीत चुनखडी भरपूर, मला वाटलं तीच. घरी सिंकपाशी उभं राहून जुना टूथब्रश आणि टूथपेस्टने दहा मिनिटं घासली, कोपऱ्यातलं टूथपिकने कोरून काढलं, लखलखीत झाली, बायकोलाही कौतुकाने दाखवली. मग जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरांकडे, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, घेऊन गेलो. बाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, मला बघायला बोलावलं आणि 'बी' अक्षराच्या पोटात अडकलेला, खसखशीपेक्षा बारीक पांढरा कण दाखवला. चुनखडी नव्हती ती, मिनाकाम होतं.

18व्या शतकात इकडे माणूस गेलं की जवळच्यांना त्याच्या नावाच्या अंगठ्या वाटायचे, मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवून जायचे. काळा मिना असला तर गेलेलं माणूस बहुधा लग्न झालेलं, पांढरा असला तर अविवाहित. म्हणजे कोणीतरी बिनलग्नाचं गेलं होतं, ही एवढी गोष्ट पावणेतीनशे वर्षं मातीत टिकली आणि मी ती दहा मिनिटांत सिंकमधून वाहून घालवली. अजूनही आठवलं की पोटात तुटतं.

आता मी काय करतो, खिशात एक छोटी झाकणाची डबी ठेवतो, वस्तू निघाली की खड्ड्यातच फोटो, मग त्याच ओल्या मातीसकट डबीत. कापूस नाही, त्याचे धागे अडकतात. उन्हात वाळवत नाही, कारण मिना एकदम सुकला की पापुद्रे सुटू शकतात. मिना, मोती, अंगठीत बसवलेले केस असं काही नाही याची भिंगाखाली खात्री झाली तरच साध्या पाण्याचे चार थेंब, बस्स. घाई ज्याला आवरत नाही त्याने त्या दिवशी नुसती नाणी शोधावीत.

त्याच अंगठीवर अजून एक धडा मिळाला. त्यावर 'ओबी' म्हणजे मृत्यू, पुढे फेब्रुवारी आणि 1743. मी बिनधास्त 1743 लिहून मोकळा झालो होतो. पण 1752 च्या आधी इंग्लंडात कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने बहुधा 1744 चा. जानेवारी ते मार्चमधली तारीख दिसली की थांबा. आणि आतल्या मजकुरात 'एफ'सारखं अक्षर दिसलं तर ते बऱ्याचदा जुना लांब 'एस' असतो.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची, रंग बघून ठरवणं. आपली नजर लहानपणापासून 22 कॅरेटवर बसलेली, पिवळंधमक ते सोनं. इकडचं 9 कॅरेट म्हणजे 37.5 टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी वगैरे, त्यामुळे ते लालसर नाहीतर फिकट दिसतं, मातीत काळवंडतंही. कोल्हापूरचा एक मित्र पहिल्यांदाच आला होता, त्याने एक अंगठी "दादा, तांब्याची आहे" म्हणून भंगाराच्या पिशवीत टाकली. चहाच्या वेळी मी पिशवी उपसली, अंगठीच्या आतल्या बाजूला बारीक 15 आणि .625. हे 15 कॅरेट ब्रिटनमध्ये 1854 ते 1932 एवढंच चाललं, म्हणजे नुसत्या त्या आकड्यावरून काळ हातात आला. उलट पिवळी चमकणारी बटणं बघून लोक नाचतात, ती सोन्याचं पाणी दिलेली पितळेची असतात. मी वजन करतो, मग वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून दोऱ्याने वस्तू त्या पाण्यात, तळाला न टेकवता, लोंबकळत धरतो आणि काटा किती वाढला ते बघतो, कोरडं वजन भागिले ती वाढ. पितळ साडेआठच्या आसपास, 9 कॅरेट अकराच्या आसपास, 22 कॅरेट साडेसतराच्या वर. सोनाराकडे नेऊन कसोटीवर कस लावू नका, ओरखडा कायमचा राहतो.

हॉलमार्कमधलं नुसतं वर्षाचं अक्षर बघून साल सांगणं हाही रोजचा प्रकार. लहान 'ए' लंडनचा असेल तर 1896 असू शकतं, बर्मिंगहॅमचा असेल तर 1900. आधी शहर, बिबट्याचं डोकं लंडन, नांगर म्हणजे जहाजाचा अँकर बर्मिंगहॅम, मग अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार, तेव्हा कुठे साल.

हॉलमार्क नाही म्हणजे खोटं, असंही नाही, जुन्या बऱ्याच लहान दागिन्यांवर नसतोच.

शेजारी जॉर्ज तिसऱ्या राजाचं (1760 ते 1820) नाणं निघालं म्हणून अंगठी त्याच काळातली ठरत नाही, नांगराने सगळं कालवलेलं असतं.

दागिन्यावर 750, म्हणजे 18 कॅरेटचा आकडा, दिसलं की बहुतेक हल्लीचं किंवा युरोपातलं.

जागा लिहून ठेवा, त्याच दिवशी.

आणि 300 वर्षांपेक्षा जुनी, निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू निघाली तर इंग्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे 14 दिवसांत कळवावं लागतं, लपवलं तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. सुट्टीत गावी जाताना डिटेक्टर नेऊ का, गडावर फिरवू का, हे मला दर दिवाळीला कोणीतरी विचारतं. नेऊ नका. संरक्षित गडावर खणणं गुन्हा आहे, आणि इतर ठिकाणीही 1878 च्या कायद्याने जमिनीत दहा रुपयांवरचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.