गट पाडायचे तर आधी शेवटची फेरी किती वाजताची ते विचारा

एस.टी.त ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ वाहतूक नियंत्रक म्हणून. शाळा सुटल्यावर फुटबॉलला माझा पाय कधी लागला नाही. तरी पोरांनी लीगचे गट पाडायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. का, तर 'काकांना सगळे रस्ते पाठ आहेत.' रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातले २३ संघ, पावसाळी लीग, आणि दरवर्षी निम्मी भांडणं खेळावरून नाही तर प्रवासावरून. तुमच्याकडेही असंच काही असेल आणि गट नव्याने पाडायचे असतील, तर मी काय केलं, कुठे आपटलो आणि आता काय करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट, तालुक्यांचा नकाशा बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी मी तो घेऊनच बसलो होतो. तालुक्याला एक गट, कागदावर देखणं दिसतं. पण मंडणगडात संघ दोन आणि चिपळुणात आठ. दोघांनी आपसात किती वेळा खेळायचं? म्हणून मंडणगडला दापोलीत मिसळलं. मग दापोली तालुक्यातल्या दाभोळच्या पोरांना मंडणगडला जायला पावसात दोन तास, यायला दोन तास. आणि त्यांच्या घरातून समोर दिसणारं धोपावे मात्र गुहागर तालुक्यात, म्हणजे वेगळ्या गटात! त्यांचा मॅनेजर मला म्हणाला, "काका, खाडी दिसते ना तुम्हाला? पलीकडे शिटी मारली तर ऐकू जाते." तालुक्याची हद्द महसूल गोळा करायला आखलेली आहे, रविवारी दुपारी चारला बॉल मध्यावर ठेवायला नाही.

उलट उदाहरण संगमेश्वर तालुक्याचं. आरवली-माखजनचे लोक बाजाराला सावर्डे-चिपळूणकडे वळतात, देवरूख-साखरप्याचे रत्नागिरीकडे. तालुका एक, पण तोंडं दोन दिशांना. तिथे तालुका सरळ फोडायचा, लाजायचं नाही.

मग आखायचं कशावर? वेळेच्या तक्त्यावर. मोठा कागद घ्या, आडवी आणि उभी सगळ्या मैदानांची नावं लिहा. मैदानांची, क्लबांची नव्हे. क्लबचा बोर्ड बाजारपेठेत असतो आणि मैदान सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, दहा किलोमीटर दूर, हे आपल्याकडे नवीन नाही. प्रत्येक चौकटीत एका मैदानावरून दुसऱ्यावर जायला लागणारी मिनिटं लिहा. किलोमीटर लिहू नका. घाटातले ३० किलोमीटर आणि सड्यावरचे ३० किलोमीटर यांत कमीत कमी वीस मिनिटांचा फरक पडतो. मोबाइलवरचा नकाशा जी वेळ दाखवतो ती मोटारीची. तुमची पोरं दोन टमटममध्ये किंवा कोणाच्या तरी आंब्याच्या टेम्पोत बसून जाणार आहेत. मी नकाशाच्या वेळेत चौथा हिस्सा मिळवतो. पण सगळ्यात उत्तम म्हणजे त्या मार्गावरच्या ड्रायव्हरला विचारणं. पाऊस पडत असताना किती लागतात, असं स्पष्ट विचारायचं, नाहीतर तो आपला मे महिन्यातला विक्रम सांगतो.

तक्ता भरला की एक मर्यादा ठरवा. आमची ९० मिनिटं एकेरी. हिशोब साधा आहे. सकाळी गुरं-वासरं, शेताची फेरी उरकून, जेवून पोरगं एकला निघालं पाहिजे आणि सामना खेळून रात्री नऊच्या आत घरी आलं पाहिजे, कारण सोमवारी त्याला कामावर जायचंय. ९० च्या पुढच्या चौकटींवर लाल पेन्सिल फिरवा. ज्या मैदानांमध्ये एकमेकांत लाल चौकट नाही ती एकत्र आपोआप दिसायला लागतात. निम्मे गट तक्ताच पाडतो.

आता माझी दुसरी चूक. दुसऱ्या वर्षी तक्ता घेऊन मी मोठ्या फुशारकीने दाभोळला गुहागरच्या गटात टाकलं. दाभोळ-धोपावे फेरीबोट पंधरा मिनिटांत पलीकडे नेते, गाड्यासुद्धा चढतात, पुढे गुहागर पाऊण तास. सगळे खूश. जुलैच्या एका रविवारी सामना संपवून पोरं धोपाव्याच्या जेट्टीवर आली तर वारा धरलेला, फेरी बंद. मग गुहागर, चिपळूण, खेड, दापोली करत शंभराच्या पुढे किलोमीटर फिरून मध्यरात्रीनंतर घरी पोचली. दुसऱ्या दिवशी कॅप्टन फोनवर एवढंच म्हणाला, "काका, तक्त्यात वारा नाय धरलात."

बरोबर होतं त्याचं. ज्या मोसमात खेळणार त्या मोसमातल्या वेळा मोजा. तवसाळ-जयगड फेरीबोट असो, वेसवी-बागमांडला असो, उन्हाळ्यात जो रस्ता असतो तीच पावसात भिंत होते. परशुराम घाटात दरड आली की तोही तसाच. म्हणून आता माझ्या तक्त्यात अशा चौकटीत दोन आकडे असतात: फेरी चालू असताना आणि बंद असताना.

पण मग दाभोळला परत मंडणगडच्या माथी मारायचं का? मी मधला मार्ग काढला. गट गुहागरचाच ठेवला, सामन्यांच्या तारखा बदलल्या. जून-जुलैत त्या गटातले खाडीच्या एकाच काठावरचे सामने, आणि खाडी ओलांडायचे सामने नारळी पौर्णिमेनंतर, दर्या निवला की. इथे दुसरी गाठ सुटते ती ऐका. १ जूनपासून मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरची पोरं मोकळी, संघ भरलेला. बंदी उठली की निम्मा संघ होडीवर. म्हणजे समुद्र शांत होतो तेव्हा खेळाडू समुद्रात! यावर उपाय एकच सापडला: ऑगस्ट-सप्टेंबरमधले खाडीपारचे रविवार मोसम सुरू व्हायच्या आधीच छापून तांडेलांच्या, म्हणजे होडीवरच्या म्होरक्यांच्या, हातात द्यायचे. महिनाभर आधी सांगितलं तर तांडेल माणूस सोडतो, आयत्या वेळी नाही सोडत, आणि त्याचंही खरं आहे.

एका गटात किती संघ घ्यायचे, हे संघ मोजून ठरवू नका. रविवार मोजून ठरवा. आम्ही पावसात खेळतो, कारण दिवाळीनंतर मैदानं टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांची, फाल्गुनात शिमगा, मग आंबा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत साधारण १५ रविवार मिळतात. त्यातले भातलावणीचे दोन गेले. त्या दिवसांत सामना ठेवून बघा, अकरा माणसं जमली तर मला कळवा. गणपतीचे दोन गेले. राहिले ११. सहा संघांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळायचं तर १० फेऱ्या लागतात. पाच संघांतही १०च लागतात, दर फेरीला एक संघ बसून राहतो. सात किंवा आठ झाले की १४. म्हणून आमचे २३ संघ ६, ६, ६, ५ असे बसले आणि मैदानात पाणी साचलं तर एक रविवार हाताशी उरला. आठचा गट करायचा मोह फार होतो, 'मोठी लीग' म्हणून मिरवता येतं. त्या वर्षी अंतिम सामना घटस्थापना ओलांडून जातो आणि बघायला कुत्रं येत नाही.

पाचच्या आणि सहाच्या गटांत दुसऱ्या क्रमांकाची तुलना करायची वेळ आली तर नुसते गुण बघू नका. १० सामन्यांत १९ गुण म्हणजे सामन्यामागे १.९. ८ सामन्यांत १६ म्हणजे २. सोळावाला पुढे. हे मोसमाआधी नियमात लिहून ठेवा. मागाहून भागाकार समजावून सांगायला गेलात तर मार खाल.

वर चढणं आणि खाली उतरणं. या चार गटांच्या वर आमची आणखी एक श्रेणी आहे, सहा संघांची, तिच्यातून दोन खाली येतात, म्हणजे वर जायला जागा दोन. गट चार, विजेते चार. मध्यावरच्या मैदानावर दोन सामने, जिंकणारे दोघे वर. एका वर्षी कुणीतरी सुचवलं, तीन जागा करूया, म्हणजे एकच नाराज होईल. तिथेच घोडं पेंड खातं. जर्मनीत २०१२ पासून चौथ्या पायरीवर पाच प्रादेशिक लीग आहेत. पाच विजेत्यांना वर जागा चारच, आणि त्यातही काहींना थेट प्रवेश, काहींना पुन्हा खेळून सिद्ध करायचं. वर्षानुवर्षं तिथे यावरून वाद चालू आहेत. मला त्यातून इतकंच कळलं की सगळे विजेते एकाच दारातून गेले पाहिजेत. चारांत दोन चालतं, चारांत चार चालतं, चारांत तीन नाही चालत.

आणि खाली येणारे दोन्ही संघ एकाच बाजूचे निघाले तर? चिपळूणकडचा गट सहाचा आठ झाला, १४ फेऱ्या, रविवार ११. म्हणजे कुणीतरी शेजारच्या गटात सरकायला हवं. कोणी, ते माणसं बघून ठरवायचं नाही. शेजारच्या गटातल्या मैदानांपर्यंतच्या मिनिटांची बेरीज ज्याची सगळ्यात कमी, तो सरकतो. इंग्लंडमध्ये सहाव्या पायरीवर उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग आहेत आणि मधल्या पट्ट्यातल्या क्लबांना हे कायम सोसावं लागतं. ग्लॉस्टर सिटी २०१७ मध्ये उत्तरेतून दक्षिणेत गेला आणि २०१९ मध्ये परत उत्तरेत. क्लबचं शहर तेच होतं, रेघ हलली होती. त्याच्या वरच्या पायरीवर तर भागच नाहीत, अख्खा देश एक. नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधला ट्रुरो सिटी २०२५ मध्ये तिथे चढला आणि ईशान्येच्या गेट्सहेडला जायला एकेरी सातशे किलोमीटरच्या वर. आपल्या मंडणगडवाल्यांनी हे जरूर वाचावं.

काठावरच्या संघांसाठी आम्ही दोन नियम केलेत. एकदा सरकवलेला संघ पुढची दोन वर्षं हलवायचा नाही. आणि सरकवण्याआधी त्यांना लेखी विचारायचं. विचारताना 'कुठला गट हवा' असं विचारलं तर ते सोपा गट सांगतात. मी विचारतो, बाजार कुठे करता, दवाखाना कुठला, आणि मुली कुठल्या गावात दिल्यात. जिकडे सोयरीक तिकडे सामन्याला माणसं येतात, वडापाववाल्याचा गल्ला भरतो, आणि पाहुण्या संघाला चहा नक्की मिळतो.

जिल्ह्याची हद्द मात्र तालुक्याइतकी सहज ओलांडू नका. विजयदुर्गच्या खाडीच्या एका अंगाला राजापूर, दुसऱ्या अंगाला देवगड, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. एक गट करावासा वाटतोच. पण जिल्हा संघटना वेगळ्या, दोन्ही राज्यपातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या छत्राखाली. दोन्हीकडची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फिक्स्चर छापू नका. खेळाडूची नोंदणी, दंड, दुखापत, यांतलं काहीही उपटलं की पहिला प्रश्न 'हा कोणाचा' असाच येतो.

रेघ कितीही हुशारीने ओढा, कोणीतरी जास्त फिरणारच. ते पैशाने भरून काढा. गटातल्या सगळ्यांचा मोसमाचा प्रवास मोजायचा, सरासरी काढायची. समजा सरासरी २४० किलोमीटर आली आणि एका संघाचे ३९० होतात, तर वरच्या १५० चं भाडं जे सरासरीच्या खाली आहेत त्यांनी मिळून द्यायचं. दर किलोमीटरला किती ते बैठकीत ठरवा. आमच्याकडे यावर दोन तास चर्चा झाली आणि पहिल्या हप्त्यानंतर पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही. रेफ्रीचा प्रवासही यातच धरा. तो दोन्ही गावांचा नसावा लागतो, म्हणजे तो नेहमीच लांबून येतो, आणि हिशोबात नेहमी त्यालाच विसरतात.

बैठकीला एकच नकाशा घेऊन जाऊ नका, लोक त्यात खोट शोधायलाच बसतात. तीन घेऊन जा. तिन्हींत ९० मिनिटांची मर्यादा पाळलेली असू द्या, म्हणजे कोणताही निवडला तरी तुमचं काही जात नाही. खडू तुमच्या स्वतःच्या गावच्या माणसाच्या हातात देऊ नका. मी दापोलीचा, म्हणून फळ्यावर रेघा ओढायला खेडच्या मास्तरांना बसवतो. ठराव त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 'उद्या पाठवतो' म्हणणाऱ्याची सही गणपतीनंतर येते.

मोसम सुरू झाला की एक काम माझ्याकडे कायम राहतं. खाडीपारचा सामना असेल त्या शनिवारी संध्याकाळी जेट्टीवर फोन करायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: उद्या फेरी आहे का, आणि शेवटची किती वाजता. उत्तर 'बघू' असं आलं तर रात्री आठच्या आत दोन्ही कॅप्टनना सांगून सामना राखीव रविवारावर टाकायचा. त्या पोरांची मध्यरात्रीची फेरी झाल्यापासून मी 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच धरतो.